हंट कोणाचा, शोध कोणाचा?

राजेहो, परवा प्रतापनगरात चहाच्या टपरीवर एक पोरगा मित्राला सांगत होता, "सध्या जॉब हंट चालू आहे." मनात म्हटलं, बंदूक कुठे आहे याच्या हातात? उलट नोकरी लावून देतो म्हणून आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागणारे याच्याच मागावर असतात. मग शिकारी कोण आणि शिकार कोण?

इंग्रजीत 'हंट' कशालाही चिकटतो. जॉब हंट, हाउस हंटिंग, टॅलेंट हंट, मॅनहंट, विच हंट. आपण मात्र नोकरी शोधतो, किरायाची खोली पाहतो, हरवलेलं लेकरू हुडकतो. पोलीस आरोपीचा माग काढतात, घराची झडती घेतात. शिकार होते ती जनावराची. माणसाची 'शिकार' झाली म्हणतो, तेव्हा तो फसलेला किंवा मेलेला असतो.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. २०१८ आठवा. यवतमाळ जिल्ह्यातली टी-१, म्हणजेच अवनी वाघीण. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. कापूस वेचायला जाणाऱ्यांची भीती खरी होती, ती कोणी नाकारू नये. हत्ती आले, कुत्रे आले, पॅराग्लायडर आला, अत्तरसुद्धा शिंपडलं. आम्ही पत्रकार रोज लिहायचो, 'सर्च ऑपरेशन सुरू'. आदेश होता, आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न, तो फसला तरच गोळी. २ नोव्हेंबरच्या रात्री गोळी चालली, ती एका खासगी शिकाऱ्याच्या मुलाने चालवली. पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने नियम मोडल्याचं नोंदवलं.

'सर्च' म्हटलं की वाचकाला वाटतं, कोणीतरी सापडणार आहे. 'शिकार' म्हटलं असतं तर लोकांनी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, बंदूक कोणाच्या हातात दिली? आणि कोणत्या नियमाने? आमच्या गुळगुळीत शब्दाने तो प्रश्न उशिरा आला. त्यात माझाही वाटा आहे, कबूल करतो.

आता 'मॅनहंट' हा शब्द मथळ्यात दिसला की मला तेच आठवतं. गुन्हा सिद्ध व्हायचा असतो आणि आपण माणसाला सावज करून मोकळे होतो. 'पोलिसांचा शोध सुरू' एवढं लिहिलं तर बातमी काही लहान होत नाही.

आणि त्या टपरीवरच्या पोराला एकच सांगणं, बाबू, नोकरी शोध. पण नोकरीसाठी पैसे मागितले की समज, हंट तुझाच चालू आहे.

तुमच्या पाहण्यात असे आणखी कोणते शब्द आहेत? कमेंटमध्ये लिहा.