सामाईक वाघांचा हिशेब

नेपाळचे तत्कालीन पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी २०२४च्या अखेरीस एक विधान केले. त्याची आपल्याकडे व्हावी तितकी चर्चा झाली नाही. आपल्या लहानशा देशाला दीडशे वाघ पुरेत, साडेतीनशे सांभाळणे परवडणारे नाही, वाटल्यास उरलेले मित्रराष्ट्रांना भेट द्यावेत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ओली यांना २०२५च्या सप्टेंबरातील जनक्षोभानंतर पायउतार व्हावे लागले. परंतु त्यांनी काढलेला प्रश्न त्यांच्याबरोबर गेलेला नाही. वाघ किती असावेत, आणि ते कोणी ठरवावयाचे?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा खचित नाही. २००९ साली नेपाळात १२१ वाघ होते. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे तेरा देशांनी बारा वर्षांत वाघ दुप्पट करण्याचा संकल्प सोडला, आणि नेपाळने तो दुपटीहूनही अधिक पार पाडला. २०२२च्या गणतीत तेथे ३५५ वाघ भरले; त्यांपैकी चितवनात १२८ आणि बर्दियात १२५. जंगल मात्र त्या मानाने वाढले नाही. गवत कापावयास, लाकूडफाटा आणावयास गेलेली माणसे वाघाच्या तोंडी पडू लागली. २०२२च्या जूनमध्ये बर्दियाच्या परिसरात वन्य प्राण्यांच्या हल्ल्यांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मुलीचा बळी गेला. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराला जगाने केलेल्या कौतुकाचे काय मोल?

इतके असूनही दीडशे हा आकडा एकट्या काठमांडूत ठरू शकत नाही, असे माझे मत आहे. नकाशा उघडून पाहावा. चितवन आणि पर्सा यांना लागून बिहारातील वाल्मीकी व्याघ्रप्रकल्प आहे. बर्दियातून निघालेला खाता नावाचा जंगलपट्टा उत्तर प्रदेशात कतर्नियाघाटाला येऊन मिळतो. शुक्लाफांट्याचे रान पिलीभीतच्या रानाला भिडते. २०१२-१३ साली दोन्ही देशांनी मिळून या तराईच्या पट्ट्यात कॅमेरे लावले, तेव्हा काही वाघांचे तेच पट्टे अलीकडच्याही छायाचित्रांत निघाले आणि पलीकडच्याही. वाल्मीकीत २००६ साली जेमतेम दहा वाघ असल्याचा अंदाज होता. २०२२ साली तेथे ५४ भरले. त्यात बिहारच्या वनरक्षकांचे कष्ट आहेतच, परंतु पाठीशी चितवन नसते तर ही बरकत कोठून आली असती? नेपाळने आपले वाघ कमी करावयाचे म्हटले, तर त्यांतले काही आपलेही असणार.

जंगलांचा असा शेजार तुटला म्हणजे काय होते, हे आपण ग्वाल्हेरकरांना निराळे सांगावयास नको. चितवन हे राणांचे राखीव शिकाररान होते. १९११च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज यांच्या शिकारीत तेथे दहा दिवसांत ३९ वाघ पडले. आपली शिवपुरीही शिंदे सरकारांचे शिकाररानच. शिकारीचे दिवस दोन्हीकडचे संपले, राष्ट्रीय उद्याने झाली. परंतु शिवपुरीचे रान एकटे पडले आणि तेथील वाघ नाहीसा झाला. कित्येक दशकांनंतर २०२३च्या मार्चमध्ये बाहेरून वाघ आणून तेथे सोडावे लागले. शिवपुरीत वाघ मोटारीतून आले. तराईत ते अजून स्वतःच्या पायांनी येतात-जातात. एवढाच फरक, आणि तो टिकवणे हेच दोन्ही सरकारांचे खरे काम आहे.

ते काम कागदावर बरेच झाले आहे. २०१० साली उभय देशांच्या व्याघ्ररक्षण-खात्यांनी संयुक्त ठराव केला. २०२२च्या ऑगस्टमध्ये भारताच्या मंत्रिमंडळाने नेपाळशी जैवविविधतेसंबंधी करावयाच्या सामंजस्य कराराला मंजुरी दिली. प्रत्यक्षातही काही घडले. २०१७च्या महापुरात चितवनचे गेंडे वाहून बिहारात आले. नेपाळी पथकांनी अलीकडे येऊन, आपल्या वनखात्याच्या मदतीने, ते परत नेले. मदत मागणारे आणि देणारे एकमेकांस ओळखत होते, म्हणून हे जमले.

अडचण आहे ती रोजच्या व्यवहाराची. नेपाळात उद्यानांचा पहारा लष्कराकडे. आपल्याकडे तो निरनिराळ्या राज्यांच्या वनखात्यांकडे. नेपाळी कायद्याने उद्यानाच्या उत्पन्नातील तीस ते पन्नास टक्के वाटा भोवतालच्या गावांच्या विकासासाठी राखला आहे. आपल्याकडे भरपाईचे दर आणि रीत राज्यागणिक बदलते. म्हणजे एकाच वाघाने अलीकडे गाय मारली तर एक हिशेब, पलीकडे मारली तर दुसरा. दोन तंबोरे एका मैफलीत ठेवायचे तर ते एकाच षड्जाला लावावे लागतात. प्रत्येक जण आपापल्या घरून लावून आला, तर दोन्ही सुरेल असूनही बेसूर ऐकू येते.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात असे वाटते. गणती एकाच हंगामात, एकाच पद्धतीने आणि एकत्र व्हावी. गावाकडे वळलेल्या वाघाची खबर पलीकडच्या उद्यानाला त्याच दिवशी देण्याची मुभा स्थानिक अधिकाऱ्यास असावी. पत्र दिल्ली-काठमांडूची वारी करून येईपर्यंत वाघ थांबत नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, ती पैशाची. भारतात २०२२च्या गणतीनुसार ३,६८२ वाघ आहेत, आणि त्यांचे श्रेय आपण मोठ्या अभिमानाने मिरवतो. तराईतील वाघ सामाईक असतील तर त्यांच्यापायी झालेले नुकसानही सामाईक मानले पाहिजे. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या गावांना सारख्याच दराने आणि वेळेवर भरपाई देणारा संयुक्त निधी उभारणे भारतासारख्या मोठ्या शेजाऱ्याला जड जाऊ नये.

ओली यांचा उपाय चुकीचा होता. तक्रार मात्र खरी होती. तिच्याकडे आपण काणाडोळा केला, तर उद्या काठमांडूत दुसरे कोणी तेच बोलेल, आणि त्या वेळी बर्दियाच्या गावांतून त्याला टाळ्या पडतील.