नवोदयाची पहाट तांड्यावर केव्हा?

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच मुखेड तालुक्याच्या वाड्या-तांड्यांवरून कोयते बाहेर पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे संसार ट्रकमध्ये टाकून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांकडे निघतात. त्या ट्रकमध्ये पाचवीत शिकणारे एखादे चुणचुणीत पोरही असते. गणित त्याला आवडते, गुरुजींचा त्याच्यावर जीव असतो. जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा नेमकी याच काळात होते. २०२४ आणि २०२५ च्या प्रवेशासाठीची परीक्षा त्या त्या वर्षीच्या जानेवारीत झाली, तर २०२६ च्या प्रवेशासाठीची १३ डिसेंबर २०२५ रोजी. पोर फडावर आणि परीक्षा केंद्र जिल्ह्यात! ज्याच्यासाठी ही शाळा निघाली, तोच तिच्या दारापर्यंत पोहोचत नाही, याहून मोठी विटंबना कोणती?

नवोदय विद्यालयांचा संकल्प उदात्त होता, याविषयी दुमत नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांसाठी गतिनिर्धारक निवासी शाळांची कल्पना मांडली. त्यापूर्वीच १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिली दोन विद्यालये सुरू झाली होती. पालकाच्या ऐपतीशी मुलाच्या शिक्षणाचा संबंध राहू नये, हे त्यामागचे सूत्र. निवास, भोजन, गणवेश, पुस्तके यांचा भार शासनाने उचलला. नववीतील काही विद्यार्थ्यांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या प्रांतात पाठवून राष्ट्रीय एकात्मतेचा प्रत्यक्ष संस्कार देण्याची योजनाही त्यात होती. मराठवाड्याचे पोर हिंदी प्रांतात वर्षभर राहते आणि तिकडचे इकडे येते, यापेक्षा देश ओळखण्याचा उत्तम धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल?

नांदेड जिल्ह्याचे नवोदय विद्यालय बिलोली तालुक्यातील शंकरनगर येथे आहे. सहावीच्या वर्गात जागा ८०. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजारांवर, तालुके १६. सरासरी काढली तर तालुक्याच्या वाट्याला पाच मुले! जागा इतक्या दुर्मीळ असतील, तर त्या कोणाला मिळतात हा प्रश्न सामाजिक न्यायाचा प्रश्न ठरतो.

नियम आहेत, पण कोणासाठी?

नियम नाहीत असे नाही. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी आहेत. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत झालेली असावी लागतात. एकतृतीयांश जागा मुलींच्या आहेत. अनुसूचित जाती, जमाती आणि अलीकडे इतर मागासवर्गीयांसाठी आरक्षण आहे. परंतु या साऱ्या चौकटीत एक रकाना नाही, आणि तो म्हणजे पालकाच्या उत्पन्नाचा. ग्रामीण म्हणजे गरीब, हे १९८६ मधले गृहीतक आज टिकणारे नाही. बाऱ्हाळी किंवा मुक्रमाबादसारख्या मोठ्या गावात पक्के घर, दुकान आणि नियमित वेतन असलेले कुटुंबही ग्रामीण असते, आणि दिवाळीनंतर घराला कुलूप लावून फडावर जाणारे कुटुंबही ग्रामीणच. परीक्षेच्या बाकावर मात्र दोघांना समान मानले जाते. राज्यात विमुक्त जातींत गणला जाणारा बंजारा समाज केंद्राच्या सूचीत इतर मागासवर्गात मोडतो. त्यामुळे तांड्यावरच्या मुलाची स्पर्धा सुस्थित मागासवर्गीय कुटुंबांशीही होते, आणि तीही घरी गोरमाटी बोलून मराठीतून परीक्षा देत.

विसंगती पाहा. हीच नवोदय विद्यालय समिती नववीपासून विकास निधी घेताना पालकाची परिस्थिती विचारात घेते. मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी आणि दारिद्र्यरेषेखालील मुले यांना माफी असते; शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांकडून इतरांपेक्षा अधिक रक्कम घेतली जाते. म्हणजे पैसे घेताना घरची स्थिती दिसते आणि प्रवेश देताना दिसत नाही! आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा चालते. वर्षाला १२ हजार रुपयांच्या शिष्यवृत्तीसाठी जी काळजी घेतली जाते, ती सात वर्षांच्या संपूर्ण निवासी शिक्षणासाठी अनावश्यक कशी ठरते?

गुणवत्ता की तयारी?

यावर ठरावीक उत्तर येते, ते म्हणजे ‘गुणवत्तेशी तडजोड नको.’ वस्तुतः दोन तासांत ८० प्रश्न सोडवणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचे कोणते गुण मोजले जातात? त्यातील निम्मे, म्हणजे ४० प्रश्न आकृत्यांच्या मानसिक क्षमता चाचणीचे. अशा आकृत्या वर्षभर शेकडोंनी सोडवून घेतल्या, तर वेग वाढणारच. म्हणूनच तालुक्याच्या गावापासून लातूर-नांदेडपर्यंत नवोदय प्रवेशाच्या शिकवण्या फोफावल्या. शिकवणी लावणारा पालक दोषी नाही. आपल्या लेकराचे भले कोण चिंतणार नाही? दोष त्या व्यवस्थेचा आहे, जी विकत घेतलेल्या तयारीला गुणवत्ता म्हणते आणि न मिळालेल्या संधीला मतिमांद्य. राहायचे शहरात, शिकायचे शिकवणीत आणि नाव मात्र खेड्यातील शाळेच्या पटावर, अशा प्रकारांची कुजबुज गावोगाव ऐकू येते. तिची शहानिशा करण्याची जबाबदारी केवळ मुख्याध्यापकाच्या एका स्वाक्षरीवर सोडणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढून घेणे होय.

गुणवत्ता आणि न्याय यांचा मेळ घालता येतो. अमेरिकेतील शिकागो शहराने आपल्या निवडक सरकारी हायस्कुलांसाठी वस्त्यांचे आर्थिक-सामाजिक स्थितीनुसार चार स्तर केले. काही जागा निव्वळ गुणानुक्रमे भरून उर्वरित जागा या स्तरांत वाटण्याची पद्धत तेथे रूढ झाली. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्यासारख्याच परिस्थितीतल्या मुलांशी होते. परीक्षा रद्द झाली नाही, फक्त शर्यतीची आरंभरेषा सरळ झाली.

करता येण्याजोगे

मुखेडसाठी उपाय दुर्लभ नाहीत. ग्रामीण जागांतील एक निश्चित वाटा दारिद्र्यरेषेखालील, भूमिहीन आणि हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी राखावा आणि त्यांचा गुणानुक्रम त्यांच्यातच लावावा. स्थलांतरित मुलाला फडाजवळच्या जिल्ह्यात परीक्षा देण्याची मुभा असावी. तीन वर्षांची उपस्थिती ऑनलाइन नोंदींवरून पडताळावी. जुलैच्या सुमारास अर्ज भरण्याची मुदत सुरू होताच जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेने पाचवीच्या पात्र मुलांचे अर्ज स्वतः भरावेत. इंटरनेट नाही म्हणून कोणी वंचित राहू नये. शाळेतच सरावाचा तास ठेवला, तर शिकवणीचे महत्त्व आपोआप उतरेल.

उत्पन्नाचे दाखले खोटे निघतात, असा आक्षेप येईल. निघतातही. परंतु चोर आहेत म्हणून कोणी घर बांधायचे थांबवत नाही; कुलूप भक्कम करतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आणखी २८ नवोदय विद्यालयांना मंजुरी दिली. इमारती वाढतील, ते स्वागतार्हच. मात्र दाराची रुंदी न तपासता इमारती वाढवल्या, तर आत जाणारे तेच राहतील.

अंत्योदयाची भाषा देशाने बरीच ऐकली. रांगेतील शेवटचा माणूस हा भाषणाचा विषय नसून प्रवेशयादीतील एक नाव असतो. शंकरनगरच्या यादीत ते नाव दिसले पाहिजे. ज्या दिवशी मुकादमाची उचल परत करून एखादा बाप पोराची ट्रंक उचलून नवोदयाच्या फाटकापाशी उभा राहील, त्या दिवशी या विद्यालयांचे नाव सार्थ होईल.