तान्ह्या पोळ्याचा मुकुट, घरच्याच खोक्याचा

मैत्रिणींनो, पोळा आला की घरोघरी पुरणाची तयारी सुरू होते आणि तान्ह्या पोळ्यासाठी मुलांची भुणभुणही! दिग्रसकरांना काही हा सण समजावून सांगायला नको. पण विदर्भाबाहेरच्या भगिनींसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुले लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात आणि मोठ्यांकडून बोजारा घेतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली ही प्रथा सुरू केली, असे सांगतात. आता तिला वेशभूषा स्पर्धेचीही जोड मिळाली आहे. कुणाला राम व्हायचे असते, कुणाला हनुमान, कुणाला झाशीची राणी. एका दुपारसाठी पोशाख भाड्याने आणायचा म्हणजे चांगलीच चाट, आणि घरात दोन-तीन मुले असली तर विचारायलाच नको! तेव्हा साबणाचे, बिस्किटांचे, बुटांचे रिकामे खोके रद्दीत घालू नका.

खळ : दोन मोठे चमचे मैदा थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडा. कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. दाट होऊन चकाकी आली की उतरवा. खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. मुलांच्या वस्तूंसाठी ते मुळीच घालू नका, मोरचूद विषारी असते. लागेल तेवढीच खळ ताजी करा.

मुकुट : मुलाच्या डोक्याचा घेर सुतळीने मोजा आणि जोडासाठी चार सेंटिमीटर जास्त धरा. वाण्याकडचा पन्हळी पुठ्ठा घेतलात तर पट्टी अशी कापा की पन्हळी उभ्या राहतील. मग ती घडी न पडता छान गोल वळते. उंची पंधरा सेंटिमीटर पुरे. वरची कड कमळाच्या पाकळ्यांसारखी कापा. जोडाला पिना मारू नका, टोचतात. दाभणाने जाड दोऱ्याचे चार टाके घाला. आतून जुन्या सुती साडीची पट्टी चिकटवली की कपाळाला काचत नाही.

गदा : वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करून हातभर दांडा करा. नारळाएवढा कागदी गोळा सुतळीने त्यावर आवळून बांधा. वरून खळीत भिजवलेल्या कागदी पट्ट्यांचे दोन थर द्या. शेवटच्या थराच्या खळीत चमचाभर हळद घाला, पिवळाजर्द रंग येतो. पावसाळी हवेत वाळायला दोन दिवस लागतात, तेव्हा आदल्या रात्रीवर काम ठेवू नका.

नंदीची झूल : चिवड्या-वेफर्सच्या पुड्यांची आतली चंदेरी बाजू अगदी बेगडासारखी दिसते. साबणाने तेलकटपणा काढून पुसा, मग कातरून कापडावर टाके घाला.

आता महत्त्वाचे. खोका उचलताना एकच प्रश्न विचारायचा : यात आधी काय होते? आपल्याकडे पोळ्याच्या सुमारास कपाशीला पात्या-फुले असतात आणि फवारणी जोरात चालू असते. घरात, गोठ्यात औषधांचे रंगीत खोके, चकचकीत पाकिटे, झाकणाच्या बाटल्या पडलेल्या असतात. मुलांना त्यांचाच मोह पडतो. 2017 साली ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. हे विष पोटात जावेच लागते असे नाही. कातडीतून आणि श्वासातूनही ते अंगात भिनते. मोठ्यांची ही गत, तर मुखवटा तोंडाला लावून बसणाऱ्या लेकराचे काय?

डब्यावरचा रंगीत त्रिकोण ओळखायला शिका. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक असे समजू नका. कपाशीच्या बियाण्यालाही औषध चोळलेले असते, म्हणून ती पाकिटेही नकोत. धुऊन चालेल, असे कुणी म्हणेल, ऐकू नका. 1971 च्या कीटकनाशक नियमांतच सांगितले आहे की रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. घरातल्या कर्त्या माणसाला हे काम पोळ्याआधी करायला लावा.

चुकून मुलाने असा डबा हाताळलाच तर कपडे बदला, अंग साबणाने भरपूर धुवा. मळमळ, लाळ, घाम किंवा अंधारी दिसली तर थांबू नका. डब्यावरची चिठ्ठी सोबत घेऊन दवाखाना गाठा.

तोंडावर प्लॅस्टिकची पिशवीही नको, श्वास कोंडतो. मुखवट्यापेक्षा मुकुट बरा, चेहरा मोकळा राहतो.

आणि सण झाल्यावर मुकुट फेकू नका बरं! तीनच दिवसांनी गणपती येतात. मंडळाच्या कार्यक्रमात धाकट्याला तो पुन्हा मिरवता येईल.