उसनी पाटी

ग्रंथालयाचे पुस्तक परत करताना त्यात फार तर एखादे दुमडलेले पान राहते. उसन्या टॅब्लेटमध्ये मात्र वाचकाची पत्रे व छायाचित्रेही राहतात. वाचकाची खासगी माहिती गुप्त राखणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य होय, असे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ सालीच आपल्या आचारसंहितेत नमूद केले. सबब प्रत्येक परतीनंतर टॅब्लेट पुसून मूळ स्थितीत आणण्याचा भार ग्रंथालयानेच वाहावा, असे आमचे मत आहे. तथापि वाचकही जबाबदारीतून सुटत नाही. २०१३ पासून आयपॅडला असे कुलूप पडू शकते की, वाचकाने आपले खाते काढले नसल्यास सर्व पुसल्यावरही यंत्र त्याचाच परवलीचा शब्द मागते, आणि पुढील वाचक ताटकळतो. विद्यार्थिमित्रहो, उसनी पाटी कोरी करूनच परत द्यावी.