जुन्या तुळयांस नवा आधार

गोदाकांठच्या पुणतांब्यासारख्या गांवीं जुन्या वाड्यांचा सारा भार लांकडी तुळयांवर असतो. तुळई लवूं लागली कीं घरांत दोन पक्ष पडतात. वडील म्हणतात, टेकू द्या. तरुण म्हणतात, वाडा पाडा. यांहून निराळा असा तिसरा मार्ग आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

स्वित्झर्लंडांत सिन्स येथें १८०७ सालचा लांकडी पूल आहे. १९९२ सालीं त्याच्या कांहीं आडव्या तुळयांस कार्बनतंतूंच्या पातळ पट्ट्या इपॉक्सी राळेनें चिकटवून बळकटी आणिली. भारानें तुळई लवते तेव्हां तिची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. हे तंतू ताण उत्तम सोसतात. म्हणून घरच्या तुळईस पट्टी खालच्या अंगास लावावयाची.

परंतु ही पट्टी संजीवनी नव्हे. भिंतींत पुरलेलें टोंक ओलीनें आंतल्या आंत कुजतें, आणि कुजक्या लांकडावर चिकटविलेली पट्टी त्याच्यासह सुटते. यासाठीं आधीं धाब्याची गळती थांबवावी, लांकूड वाळूं द्यावें, कुजका भाग काढून निकोप लांकूड सांधावें. तुळई चोहोंकडून गुंडाळूं नये, ओल कोंडते. राळ उष्णतेनें मऊ पडते, हेंहि चुलीवरच्या तुळईविषयीं ध्यानांत असावें.

तूर्त लवलेल्या तुळईस टेकू द्यावा, तिच्याखालीं मुलांचीं अंथरुणें घालूं नयेत, आणि जाणता इंजिनिअर व सुतार दोघांसहि बोलवावें. वाडा राखणें हें भूषण खरें. पण माणसें आधीं, वाडा मागाहून.