पार्सल हरवते तेव्हा भरायचे कोणी?

माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री यांस,



मी खणाच्या साड्या, पर्स आणि परकर-पोलकी विकते. माझे दुकान नाही. फोनवर फोटो पाहून गिऱ्हाइके मागणी नोंदवतात, बचत गटातल्या बायका शिवून देतात आणि माल टपालाने जातो. पुण्या-मुंबईत दारापर्यंत येणारे कुरिअरवाले पुष्कळ आहेत. पण भामरागडच्या शाळेतल्या बाईंनी किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या नर्सताईंनी साडी मागवली, की आम्हाला आठवते ते टपाल खातेच. पावसात-चिखलात बटवडा करणाऱ्या ग्रामीण डाकसेवकांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती दिल्लीत ठरलेल्या नियमाबद्दल, आणि तो बदलणे आपल्या हातात आहे.

समजा, मी २,८०० रुपयांची साडी स्पीड पोस्टाने पाठवली आणि टपालहशील ११० रुपये भरले. पार्सल वाटेत गहाळ झाले. १९९९ साली केलेल्या नियमाप्रमाणे मला भरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम किंवा एक हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळायचे. म्हणजे २२० रुपये. साडी विणणाऱ्याचे आणि शिवणारणीचे पैसे मी आधीच दिलेले असतात. गिऱ्हाइकाला २,८०० रुपये परत करावे लागतात, कारण तिच्या हातात काहीच पडलेले नसते. साडी गेली, पैसे गेले, आणि ज्यांच्या ताब्यात ती हरवली त्यांनी २२० रुपये देऊन प्रकरण मिटवायचे. ही भरपाई कोणत्या हिशेबाने ठरली, हे आपण सांगू शकाल का? हरवलेल्या वस्तूच्या किमतीचा तर त्यात कुठेच संबंध नाही. दहा हजारांची पैठणी हरवली काय आणि दीडशे रुपयांचा रुमाल हरवला काय, वजन आणि अंतर सारखे असले की भरपाईही सारखीच.

यावर ठरलेले उत्तर असते, की मग विमा उतरवायचा. विम्याची सोय आहे, हे मला माहीत आहे. त्याचे पैसे वेगळे पडतात. ज्या मालावर शे-दीडशे रुपये सुटतात, त्यात ते कुठून घालायचे? खर्चाचा प्रश्नही क्षणभर बाजूला ठेवते. मी टपालहशील भरते ते कशासाठी? वस्तू दिलेल्या पत्त्यावर पोचावी म्हणूनच ना? मग ती पोचवण्याची किमान जबाबदारी त्या पैशातच यायला हवी. तिच्यासाठी दुसरी पावती फाडायला का लावावी? लाखाच्या दागिन्यांसाठी विमा मागितलात तर कुणी हरकत घेणार नाही. साधी साडी, चपला, पापड-कुरडया, मुलांची खेळणी पाठवणाऱ्याला दोन-तीन हजारांपर्यंतचे संरक्षण मूळ शुल्कातच का नसावे?

या नियमाचे मूळ १८९८ च्या भारतीय टपाल कार्यालय कायद्यात आहे. त्याच्या कलम ६ ने हरवणे, उशीर होणे, चुकीच्या हाती पडणे, नुकसान होणे या सगळ्यांतून सरकारला मोकळे केले होते. सरकार स्वतः स्पष्ट शब्दांत स्वीकारील तेवढीच जबाबदारी त्याच्यावर राहणार होती. तो कायदा परक्या सरकारने केला होता, त्याच्याकडून वेगळे काय मिळणार? पण २०२३ साली आपल्या संसदेने तो रद्द करून नवा टपाल कार्यालय कायदा केला आणि १८ जून २०२४ पासून तो अमलात आला. जुनाट कायदा जाऊन नव्या काळाचा कायदा येत आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. प्रत्यक्षात नव्या कायद्याच्या कलम १० ने तीच मुभा कायम ठेवली. नियमांनी ठरवली जाईल तेवढीच जबाबदारी, त्यापलीकडे काही नाही. सव्वाशे वर्षांनी कायदा नव्याने लिहायला घेतला आणि नागरिकाला सर्वांत जास्त झोंबणारे कलम तेवढे आशयाने तसेच ठेवले. ते नजरेतून सुटले, असे मी मानत नाही. विधेयक वाचणाऱ्या अभ्यासकांनी तेव्हाच म्हटले होते, की टपाल खाते चालवणार केंद्र सरकार आणि त्याची जबाबदारी किती हे ठरवणारही केंद्र सरकारच, यात हितसंबंधांचा संघर्ष आहे. ते आपल्या मंत्रालयापर्यंत पोचले नसेल, हे मला पटत नाही.

याच कलम १० मध्ये अधिकाऱ्यांनाही वेगळे संरक्षण आहे. त्यांनी लबाडीने किंवा जाणूनबुजून वस्तू हरवली, उशीर केला किंवा चुकीच्या हाती दिली असेल, तरच ते जबाबदार. हे सिद्ध कोणी करायचे? पार्सल कोणत्या वर्गीकरण केंद्रात अडकले, पिशवी कुठे उघडली, रात्रपाळीला कोण होते, यातले मला काय ठाऊक असणार? माझ्या हातात फक्त बुकिंगची पावती असते. सगळी माहिती खात्याकडे आणि पुराव्याचे ओझे माझ्याकडे. ही वाटणी न्याय्य आहे, असे आपण मला समोर बसवून सांगू शकाल का?

दुसरीकडे, माझ्यावर आपल्याच सरकारने काय बंधने घातली आहेत ते पाहा. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार ऑनलाइन बाजारमंचावर विकणाऱ्याला, कबूल केलेल्या मुदतीनंतर पोचलेला माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. अटळ आपत्तीचा अपवाद सोडला, तर कारण काहीही असो. हा नियम योग्य आहे, कारण गिऱ्हाइकाचे पैसे बुडता कामा नयेत. पण एकच पार्सल एका दिवसाने उशिरा पोचले तर पूर्ण किमतीला मी बांधलेली, आणि ते साफ नाहीसे झाले तर टपाल खाते दुप्पट शुल्कावर सुटायचे. दोन्ही नियम केंद्राचेच. घरात मशीन टाकून शिवणाऱ्या बाईने सोसायचे ते दीड लाखाहून अधिक कार्यालये असलेल्या खात्याला सोसवत नाही, असे आपले म्हणणे आहे का?

इतरांसाठी मात्र आपले सरकार वेगळा विचार करू शकते. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आणि २०११ चे नियम आहेत. त्यांत माल हरवला तर भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत वाहतूकदार जबाबदार असतो. ट्रकवाल्याने दहापट द्यायचे आणि सरकारने दुप्पट? रेल्वेही केंद्राचीच. तिच्याकडून माल हरवला, खराब झाला किंवा पोचलाच नाही, तर दाद मागायला १९८७ च्या कायद्याने स्वतंत्र दावे न्यायाधिकरण दिले आहे. टपालासाठी तसे काही नाही. आणि ज्या ब्रिटिशांच्या राज्यात ते कलम ६ लिहिले गेले, त्यांच्या देशात आज विमा नसलेली साधी पहिल्या वर्गाची टपालवस्तू हरवली तरी प्रत्यक्ष नुकसानीपोटी २० पौंडांपर्यंत भरपाई मिळते. ठरलेल्या दिवसानंतर कामाचे दहा दिवस उलटले की ती हरवली असे धरले जाते. इथे माझे पार्सल किती दिवसांनी हरवले म्हणायचे? ट्रॅकिंगवर ‘रवाना’ अशी एक ओळ दिसते आणि पुढे काहीच हलत नाही, तेव्हा गिऱ्हाइकाला मी कोणती तारीख सांगायची?

१ सप्टेंबर २०२५ पासून आपण रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केले. १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टाचे दर बदलले. २०१२ नंतर दर बदललेच नव्हते, खर्च वाढले आहेत, हे खात्याचे कारण मी मान्य करते. पण २०१२ नंतर आपला खर्च वाढला, तर १९९९ नंतर माझ्या मालाची किंमत वाढली नाही का? त्या वर्षी एक हजार रुपयांत काय येत होते आणि आज काय येते? नव्या दरांबरोबर ओटीपी दाखवून बटवडा, एसएमएस, ऑनलाइन बुकिंग अशा सोयी जाहीर झाल्या. चांगल्या आहेत, मी वापरीन. पण वस्तू हरवली तर काय, हा प्रश्न त्यांपैकी एकीनेही सुटत नाही.

आता वचनाबद्दल. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात अर्थमंत्र्यांनी सांगितले, की टपाल खात्याचे रूपांतर मोठ्या सार्वजनिक लॉजिस्टिक्स संस्थेत केले जाईल. ते कोणासाठी, हेही सांगितले: विश्वकर्मा कारागीर, नवे उद्योजक, महिला, बचत गट, लहानमोठे उद्योग. त्या यादीत माझे नाव चारदा तरी येते, म्हणून ते भाषण मी लक्षपूर्वक ऐकले. ज्या संस्थेवर हरवलेल्या मालाच्या किमतीची जबाबदारी नाही, तिच्या भरवशावर व्यवसाय वाढवा असे आपण आम्हाला कसे सांगता? मोठ्या कंपन्या करार करतात, दर ठरवून घेतात, शंभरातली दोन पार्सले गेली तरी त्यांचे दुकान चालू राहते. आमच्या गटात एका महिन्यात तीन साड्या गेल्या, तर शिवणारणीची मजुरी थकते.

संसदेत पुन्हा जाण्याचीही गरज नाही. कलम १० मध्ये जबाबदारी किती हे नियमांनी ठरवायचे आहे, आणि ते नियम केंद्र सरकारच करते. नोंदणी केलेल्या प्रत्येक देशांतर्गत पार्सलला, पावतीवर लिहिलेल्या किमतीप्रमाणे, किमान तीन हजार रुपयांपर्यंत भरपाई द्या. किती दिवसांनी वस्तू हरवली असे मानायचे, ती मुदत पावतीवरच मराठीत आणि इतर भाषांत छापा. मुदत संपली की पैसे पाठवणाऱ्याच्या खात्यात जमा व्हावेत, आणि कसूर झाली नाही हे सिद्ध करण्याचे काम खात्याकडे असावे. दर वर्षी किती पार्सले हरवली आणि किती रुपये भरपाई दिली, हे आकडे मंडलवार प्रसिद्ध करा. आकडे लहान असतील तर भरपाई देणे जड जाणार नाही. मोठे असतील तर ते आम्हाला कळलेच पाहिजेत.

हे नियम आपण कधी करणार, ती तारीख मला हवी आहे. विचाराधीन आहे, असे उत्तर कृपया पाठवू नये.

आपली,
एक लहान ऑनलाइन विक्रेती