छडीने इंग्रजी येत नाही

गेल्या उन्हाळ्यात एक ताई घर रिकामे करण्याची इंग्रजी नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या. सोबत आठवीतली मुलगी. सात दिवसांत घर सोडावे लागेल, असे वस्तीतल्या दलालाने त्यांना सांगितले होते. मी कागद हातात घेण्याआधीच मुलगी म्हणाली, "वकीलसाहेब, यात सात नाही, पंधरा दिवस लिहिलंय." तिने त्या ओळीवर बोट ठेवले. तिचे बरोबर होते. मग तिने विचारले, "प्रिमायसेस म्हणजे काय?" या मुलीच्या प्रगतिपुस्तकात इंग्रजीपुढे शेरा आहे, 'सुधारणा आवश्यक'!

सुधारणा कुणात आवश्यक आहे? मुलीत की तिला शिकवणाऱ्या व्यवस्थेत?

महाराष्ट्र शासनाने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. ते योग्यच झाले. आपल्या समाजाला इंग्रजी मिरवण्यासाठी नको आहे. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ साली 'काव्यफुले'मध्येच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. संविधानाच्या कलम ३४८ मुळे मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज आजही इंग्रजीत चालते. आपल्याच खटल्याचा निकाल आपल्याला वाचता येऊ नये, यासारखी लाचारी दुसरी नाही. म्हणून इंग्रजी हवीच. पण दार उघडले म्हणजे मूल आपोआप आत जाते असे नाही. त्याला आत जावेसे वाटले पाहिजे.

आमच्या मुलांना इंग्रजी पहिल्यांदा भेटते ती भीती होऊन. स्पेलिंग चुकले की छडी, उच्चार चुकला की वर्गात हशा. घरी आले की बाप म्हणतो, "इंग्रजी आली नाही तर हमालीच करशील." गाईड पाठ करून मूल पास होते आणि परीक्षा संपताच पुस्तक रद्दीत जाते. दहा वर्षे शिकूनही चार वाक्ये बोलताना त्याला घाम फुटतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. काहींना त्याचे पैसे दिले, काहींना दिले नाहीत. पैसे बंद झाल्यावर, ज्यांना ते मिळाले होते त्यांचा मोकळ्या वेळेतला कोड्यांमधला रस कमी झालेला दिसला. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडले की, माणसाला आतून शिकावेसे वाटायला तीन गोष्टी लागतात. आपण स्वतःच्या मर्जीने करतो आहोत ही भावना, आपल्याला हे जमते हा विश्वास आणि आपलेपणाने वागवणारी माणसे. आता आपल्या वर्गाकडे पाहा. मर्जी कुणी विचारत नाही, विश्वास रोज लाल शाईने खोडला जातो आणि मागच्या बाकावरच्या मुलाला आपलेपणा माहीतच नसतो. मग गोडी लागणार कुठून?

येथे आपल्याच घरातली एक चूक सांगितली पाहिजे. आपण मुलांना सुनावतो, "बाबासाहेब कंदिलाखाली शिकले, तुला सगळे मिळूनही येत नाही?" बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. तरी पुढे ते संस्कृत स्वतः शिकले. १९२१ साली बॉन विद्यापीठाकडे त्यांनी जर्मन भाषेत अर्ज केला. उत्तरायुष्यात पालीचे व्याकरण आणि कोश यांवर त्यांनी काम केले. पाली व्याकरणाचा कोणता पेपर त्यांना द्यायचा होता? त्यांना प्रश्न पडले होते आणि उत्तरे त्या भाषांत होती. हा धडा घ्यायचा सोडून आपण त्यांच्या नावाचीच छडी करतो, हे बरे नव्हे.

त्या मुलीलाही प्रश्नच पडला होता, आपले घर राहणार की जाणार? म्हणून ती ओळ तिला वाचता आली. अर्थात, घरावर नोटीस येईपर्यंत कोणत्याही मुलाला थांबावे लागू नये. आमच्या समाजमंदिरातल्या संध्याकाळच्या वर्गात आता पाठ्यपुस्तकाआधी अर्धा तास मुलांनी आणलेले वाचन होते. कुणी क्रिकेटची बातमी आणतो, कुणी औषधाच्या खोक्यातला कागद, कुणी मोबाइलवरचे गाणे. काय वाचायचे ते मुले ठरवतात. चुकले तर हसायचे नाही, एवढा एकच नियम. ती आठवीतली मुलगी आता तिसरी-चौथीच्या मुलांना वाचून दाखवते. तिचे गुण अजून फारसे वाढलेले नाहीत, पण न विचारता ती रोज येते.

मात्र शासनाने यातून सोयीचा अर्थ काढू नये. "मुलांनाच आवड नाही" असे म्हणून रिकाम्या शिक्षकपदांवर आणि कुलूपबंद कपाटातल्या पुस्तकांवर पांघरूण घालता येणार नाही. ज्या शिक्षकालाच इंग्रजी बोलायची धास्ती आहे, त्याला आधी निर्भय करावे लागेल. आवड ही श्रीमंतांच्या मुलांना जन्मतः मिळणारी देणगी नाही. त्यांच्या घरात पुस्तके असतात, चूक पोटात घालणारी माणसे असतात, म्हणून ती टिकते. आपल्या मुलांची आवड अपमानाने मारली जाते.

पालकांनो, आज घरी गेल्यावर मुलाला गुण विचारू नका. "आज कोणता नवा शब्द सापडला?" एवढेच विचारा आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐका.